परसातल्या कोंबड्या: धरणं, तपासणं आणि उवा-माइटपासून सांभाळणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरामागे पाच-दहा गावठी कोंबड्या, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला टेकून बांधलेलं खुराडं, दिवसभर कुळागरात (पोफळीच्या बागेत) नाहीतर काजूखाली चरणं आणि तिन्हीसांजेला परत येणं. गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत बऱ्याच घरांत कोंबडीपालन म्हणजे एवढंच असतं. ही उत्तरं अशा घरांसाठी आहेत. ब्रॉयलरच्या शेडवाल्यांचे प्रश्न वेगळे, त्यांची औषधंही वेगळी.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्या पुन्हा पुन्हा येतील. कोंबडी धरायची ती रात्री. आणि माइट, म्हणजे कोंबडीला छळणारे ठिपक्याएवढे बारीक किडे, शोधायचे ते तिच्या अंगावर कमी, खुराड्यात जास्त.

कोंबडी खाते-पिते, अंडी देते. मग तिला उगीच धरून तपासायची कशाला?

कारण कोंबडी दुखणं लपवते. जी कमजोर दिसते तिला बाकीच्या टोचून बाजूला काढतात, त्यामुळे अंगात काही असलं तरी ती इतरांबरोबर माती उकरत राहते. पिसं फुगवून, मान आत घेऊन कोपऱ्यात उभी राहिली की समजायचं, दुखणं जुनं आहे. शिवाय पिसांच्या आत ती किती सुकली आहे ते डोळ्यांना दिसत नाही. गुबगुबीत वाटणारी कोंबडी हातात घेतल्यावर नुसतं हाड लागतं, असं पुष्कळदा होतं.

महिन्यातून एकदा पुरे. जून ते सप्टेंबर मात्र पंधरा दिवसांनी बघावं.

धरायची नेमकी वेळ कोणती?

अंधार पडून अर्धा-पाऊण तास झाला की. कोंबडीला अंधुक उजेडात फार कमी दिसतं. एकदा दांडीवर बसून अंग सैल सोडलं की ती सहसा उठून पळत नाही. बॅटरी सरळ तोंडावर मारायची नाही. काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावलात तर उत्तम, नाहीतर बोटांनी उजेड अडवला तरी भागतं. खुराड्याच्या दाराशी उभं राहून आधी हळू आवाजात बोलायचं, म्हणजे हात लागल्यावर ती दचकत नाही. मग दोन्ही हात दोन्ही बाजूंनी पंखांवर ठेवून सरळ वर उचलायचं. मागून शेपटी धरायची नाही. भ्यालेली कोंबडी पिसं सोडून देते. पिसांचा झुबका तुमच्या हातात राहतो आणि कोंबडी दुसऱ्या कोपऱ्यात.

एक सावधगिरी इथे हवीच. खुराड्यात उंदीर येतात, अंडी असतात, पिल्लं असतात, त्यामागे नाग आणि घोणस येतात. आत हात घालण्याआधी जमीन, कोपरे आणि अंड्यांची पाटी उजेडात नीट बघून घ्या. पायांत बूट घाला. चपलेवर जाऊ नका, पावसाळ्यात तर नकोच.

दिवसा धरण्यावाचून गत्यंतर नसेल तर?

मागे धावायचं नाही. वाड्यावरची पोरं आरडाओरडा करत कोंबडीमागे लागली की दहा मिनिटांत ती धापा टाकायला लागते, आणि त्या दिवशी तिला तपासून काही कळत नाही, कारण श्वास, तुऱ्याचा रंग, सगळंच बदललेलं असतं. एप्रिल-मेच्या दुपारी तर हा खेळ जिवावर बेततो. कोंबडीला घाम येत नाही. तिचं शरीर मुळात ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे चोच उघडी ठेवून धापण्यापलीकडे फारसा उपाय नाही.

त्यापेक्षा कोंडा किंवा उकड्या तांदळाचा भात घेऊन नेहमीची हाक द्या. प्रत्येक घराची हाक वेगळी असते, तीच वापरा. सगळ्या खुराड्यात किंवा मांगरात शिरल्या की दार लावा. मग हातात पोत्याचा तुकडा आडवा धरून हवी ती कोंबडी कोपऱ्याकडे सावकाश ढकला, खाली बसली की वरून दोन्ही पंख दाबून उचला. जवळ डालगं असेल तर ते हलकेच वरून झाकणं सर्वात सोपं.

आमच्या कोंबड्या खुराड्यात येतच नाहीत, फणसावर झोपतात. त्यांचं काय?

आधी कारण शोधा. पूर्वी आत येणारी कोंबडी अचानक संध्याकाळी दारात अडखळते, इतर आत गेल्या तरी बाहेर घुटमळते, आणि शेवटी झाडावर चढते, तेव्हा पहिला संशय खुराड्यातल्या माइटवर घ्यायचा. रात्रभर रक्त पिणारे किडे जिथे आहेत तिथे झोपायला कोण जाईल? दुसरं कारण साप, उदमांजर किंवा मुंगूस. तिसरं, जागा अपुरी.

मुळातच झाडावर झोपणाऱ्या असतील तर आठवडाभर संध्याकाळचं खाणं फक्त खुराड्याच्या आत द्यायचं, तेही अंधार पडायच्या बेताला, आणि दार लावून घ्यायचं. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, लवकर शिकतात. जुन्या कोंबड्या मात्र हट्टी असतात.

हातात घेतल्यावर कशी धरायची?

उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी सांगतो. डावखुऱ्यांनी उलटं करावं. डावा तळहात समोरून तिच्या छातीखाली सरकवा, बोटं दोन पायांच्या मध्ये जाऊ द्या आणि दोन्ही पाय बोटांत हलकेच अडकवून घ्या. सगळं वजन तुमच्या तळहातावर आणि मनगटापुढच्या हातावर यायला हवं. तिचं तोंड तुमच्या काखेकडे, शेपटी बाहेर. तुमच्या कोपराने आणि बरगडीने तिचे पंख आपोआप मिटलेले राहतात. उजवा हात मोकळा राहतो आणि जिथे बघायचं तो भाग, म्हणजे शेपटीखालचा, नेमका तुमच्यासमोर येतो. डोकं काखेत अंधारात गेलं की बहुतेक कोंबड्या गप्प होतात.

दाबून धरायचं नाही, हे मात्र लक्षात ठेवा. आपल्यासारखा श्वासपटल कोंबडीला नसतो. तिच्या छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. छाती दोन्ही हातांनी आवळली की ती ओरडतही नाही, नुसती गुदमरते. पंख फडफडायला लागले तर पकड घट्ट करण्याऐवजी तिला अंगाशी घ्या, किंवा जुन्या पंचात गुंडाळा. डोकं आणि शेपटी बाहेर ठेवून गुंडाळलेली कोंबडी एकटा माणूससुद्धा तपासू शकतो.

पोट दाबू नका. बहुतेक कोंबड्या अंडं सकाळी घालतात, म्हणजे रात्री तुम्ही तिला उचलता तेव्हा पोटात कवच तयार होत असलेलं अंडं असू शकतं. ते आत फुटलं तर कोंबडी दगावू शकते.

सोडतानाही हवेत सोडायची नाही. पाय दांडीला किंवा जमिनीला लागू द्या, तोल सावरू द्या, मग हात काढा.

बाजारात तर पाय धरून उलटी नेतात. त्याने काय होतं?

उलटं टांगलं की आतडी आणि बाकीचे अवयव हवेच्या पिशव्यांवर येतात आणि श्वास कोंडतो. फडफडताना मांडीचा किंवा पंखाचा सांधा निखळू शकतो. ती शांत झाल्यासारखी वाटते ती थकून आणि भिऊन. कायद्याचंच म्हणाल तर प्राण्यांशी क्रूरपणे वागण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात, अनावश्यक वेदना होतील अशा पद्धतीने प्राणी नेणं हा गुन्हा आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कोंबडी आणायची असेल तर भोकं पाडलेलं खोकं किंवा पाटी घरूनच न्या.

पाठीवर झोपवली की एकदम निपचित पडते. मग तशीच तपासली तर चालेल का?

नको. ती निजलेली नसते, मेल्याचं सोंग घेतलेली असते. शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडल्यावर शेवटचा उपाय म्हणून शरीर असं ताठरतं. आतानासिउस किर्खर नावाच्या जेझुइट पंडिताने १६४६ मध्येच याचं वर्णन केलं आहे: कोंबडी जमिनीवर दाबून धरून चोचीपुढे खडूची रेघ ओढायची आणि हात काढला तरी ती हलत नाही, असा तो प्रयोग. तेव्हा लोकांना जादू वाटली असेल; कोंबडीच्या बाजूने पाहिलं तर ती निव्वळ भीती आहे. पायाचा तळवा बघण्यापुरती क्षणभर तिरपी केली तर ठीक, पण अख्खी तपासणी पाठीवर झोपवून करू नये. आजारी कोंबडीला तर तसं झोपवूच नका, श्वासाला जड जातं.

कोंबडा हात लावू देत नाही.

त्याला दिवसा हात लावूच नका. रात्री कोंबडासुद्धा निमूट असतो. पायाच्या मागचे काटे मात्र सांभाळा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि दोन्ही पाय काट्यांच्या वर पकडा. काटे फार वाढलेले असतील तर कापायचं काम माहितगाराकडूनच करून घ्या, कारण आत जिवंत हाड असतं.

तपासताना काय काय बघायचं?

एकच क्रम ठरवून घ्या, म्हणजे काही सुटत नाही. मी डोक्याकडून पायांकडे जातो.

तुरा अंड्यावरच्या कोंबडीचा लाल आणि भरलेला हवा. फिकट, गुलाबीसर पांढरा पडलेला तुरा म्हणजे रक्त कमी झालंय; माइट, गोचीड किंवा जंत, तिन्ही शक्य. काळपट-जांभळा तुरा ही धोक्याची खूण. तुऱ्यावर, पापण्यांवर खपल्या किंवा मोडासारखे फोड दिसले तर देवी असू शकते. ती डासांमार्फत पसरते, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसते. डोळे उघडे आणि कोरडे हवेत, नाकपुड्या स्वच्छ. कान तिच्या पाठीला लावून श्वास ऐका. घरघर ऐकू आली तर ती कोंबडी त्या रात्रीच वेगळी ठेवा.

मग गळ्याखालची अन्नाची पिशवी. रात्री ती भरलेली असणारच. ज्या कोंबडीबद्दल शंका असेल तिची पिशवी पहाटे दाणे टाकण्याआधी पुन्हा चाचपा. तेव्हाही ती गच्च किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली तर अन्न पुढे सरकत नाही. अशा वेळी उलटी धरून पाणी काढायचा जुना उपाय करू नका. पाणी फुफ्फुसात जाऊन कोंबडी जागच्या जागी मरते.

छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर उत्तम. हाड धारदार लागलं आणि बाजूला खळगे असले तर ती सुकतेय. हात सरावाचे होईपर्यंत वजन करणं बरं: कोंबडी कापडी पिशवीत ठेवून पिशवी ताणकाट्याला अडकवायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. गावठी कोंबडी साधारण सव्वा-दीड किलोची. वनराजा, ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या जाती बऱ्याच भारी असतात, म्हणून एकीची दुसरीशी तुलना करू नका. त्याच कोंबडीचं मागच्या महिन्याचं वजन बघा.

शेपटीखाली पिसं बोटांनी बाजूला करा. अंगावर उवा-माइट शोधायची हीच जागा, त्याबद्दल पुढे आहे. अंड्यावरच्या कोंबडीचं बूड रुंद आणि ओलसर असतं आणि त्याच्या दोन बाजूंच्या हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसतात. अंडी बंद असतील तर ते आखडलेलं, कोरडं असतं. पंखाखाली आणि मांडीच्या आतही नजर टाका.

शेवटी पाय. नडगीवरचे खवले सपाट हवेत. तळव्याच्या मधोमध काळी खपली आणि सूज असेल तर आत पू धरलाय. उंच दांडीवरून चिऱ्यावर उड्या मारणाऱ्या आणि पावसात ओल्या जागी उभ्या राहणाऱ्या कोंबड्यांना हे होतं.

सरावल्यावर एका कोंबडीला दोन-तीन मिनिटांहून जास्त लागत नाहीत.

उवा, माइट, गोचीड, पिसू. सगळं एकच ना?

नाही, आणि उपाय वेगळे असल्यामुळे फरक कळायलाच हवा.

उवा गवताच्या रंगाच्या, लांबट, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पिसं बाजूला केली की त्वचेवरून भराभर पळतात. लिखा पिसाच्या बुडाशी पांढऱ्या पुंजक्यांनी चिकटलेल्या असतात. उवेचा सगळा जन्म कोंबडीच्या अंगावर जातो, म्हणून उपाय अंगावर करायचा.

माइट त्याहून बारीक, जेमतेम ठिपक्याएवढे. त्यात दोन तऱ्हा. एक कोंबडीच्या अंगावर, मुख्यतः बुडाभोवती आणि घरट्यात राहणारे. त्यांच्यामुळे तिथली पिसं काळपट, तेलकट दिसतात. दुसरा तांबडा माइट. हा दिवसा खुराड्याच्या फटीत लपतो, रात्री बाहेर येऊन रक्त पितो आणि परत फटीत जातो. उपाशी असताना करडा, प्यायल्यावर लाल. म्हणूनच दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी तिच्या अंगावर तो सापडत नाही, आणि घरातले म्हणतात, “कोंबडीला काही नाही.”

कोंबडीची गोचीडही अशीच फटीत राहणारी: चपटी, चामड्यासारखी, मोठी झाली की सहज दिसते. तिच्या चाव्यातून स्पायरोकिटोसिस हा ताप पसरतो. कोंबडी गळून जाते, हिरवट शिटते. पिसू मात्र तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळ्या ठिपक्यांसारख्या घट्ट चिकटून बसतात. ओढून काढू नका, जाड व्हॅसलीन लावा म्हणजे गुदमरून मरतात. डोळ्यात जाऊ देऊ नका.

तांबडा माइट खुराड्यात आहे की नाही हे कसं समजणार?

रात्री नऊ-दहाच्या सुमारास पांढरं फडकं बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूने दाबून फिरवा. फडक्यावर रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या तर शंका नको. दिवसा दांडीची टोकं जिथे भिंतीत बसवलेली असतात तिथे मीठ-मिऱ्याच्या पुडीसारखा करडा-पांढरा थर दिसतो. ती त्यांची वस्ती. अंड्यांच्या कवचावर लाल ठिपके येतात, तेही चिरडलेल्या माइटचेच असतात.

नजर ठेवायला एक फुकटचा सापळा आहे. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याची सुरळी करून दांडीखाली बांधा. दोन-तीन दिवसांनी भरदिवसा काढून थेट उकळत्या पाण्यात टाका. माइट असले तर पाण्यावर तरंगतात. असा पुठ्ठा बदलत राहिलात तर संख्याही कमी होते.

सापडले. आता खुराडं कसं साफ करायचं?

सगळं बाहेर काढा: दांड्या, पाट्या, गवत. गवत आणि जुनी चुडतं (माडाची विणलेली झावळं) जाळा, खतात टाकू नका. दांड्यांवर आणि सुट्या लाकडांवर उकळतं पाणी ओता, टोकांवर भरपूर. मग कडक उन्हात ठेवा. भिंती खरवडून ब्रशने घासा.

आपल्याकडची खरी अडचण चिरा. चिऱ्याला सगळीकडे भोकं, आणि प्रत्येक भोक म्हणजे माइटला आयतं घर. गिलावा नसलेल्या भिंतीवर कुठलंही औषध फवारलं तरी आत पोचत नाही. खुराड्याच्या आतून गुळगुळीत गिलावा करून घेणं किंवा दाट चुन्याचे दोन हात देणं, हाच टिकाऊ उपाय. चुना पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत घ्या, ओला चुना पाय आणि डोळे जाळतो. बसायची दांडी भिंतीत रुतवू नका. पायांवर उभी केलेली, उचलून बाहेर काढता येणारी दांडी करा आणि ती भिंतीपासून थोडी लांब ठेवा. लाकडाला वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत आहे, पण ते त्वचा पोळतं. दांडीला लावू नका.

एकदा साफ करून भागत नाही. आपल्या हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला या माइटला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून सात दिवसांनी पुन्हा, आणि त्यानंतर आणखी सात दिवसांनी एकदा. दुसरी फेरी चुकवली की पहिलीचे कष्ट वाया. रिकामं खुराडं आठ-पंधरा दिवस बंद ठेवूनही उपयोग नाही, हा किडा उपाशीपोटी महिनोन्महिने तग धरतो.

राखेचा उपयोग होतो का?

होतो, पण कोंबडी स्वतः लोळली तर. चुलीची चाळलेली राख आणि कोरडी बारीक माती सारखी मिसळून पसरट खोक्यात किंवा जुन्या टायरमध्ये घाला, निदान वीतभर खोल. कोंबडी त्यात पंख उघडून लोळते, माती पिसांच्या मुळांपर्यंत जाते, उवा घसरतात आणि सुकून मरतात. राख लाकडाचीच हवी. प्लॅस्टिक जाळलेली नको, आणि भिजलेली तर नकोच, ओल्या राखेचा क्षार त्वचेला लागतो. अंगावर आधीच उवांचे पुंजके असतील तर नुसत्या राखेने त्या जाणार नाहीत.

पावसाळ्यातच सगळं का वाढतं?

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. अंगणात लोळायला कोरडी माती उरत नाही, कोंबड्या दिवसाचा बराच वेळ आतच बसतात, आत ऊबही असते आणि दमटपणाही. त्यात श्रावण लागला की कित्येक घरांत चवथीपर्यंत कोंबडी कापत नाहीत; वैशाखातली पिल्लं तोवर मोठी होतात आणि खुराड्यात दाटी होते. माइटला याहून काय हवं?

म्हणून चुना, गिलावा, दांड्या ही कामं मे महिन्यात उरका. लाकडं आणि सोलं पावसाआधी आत घेतो, तेव्हाच कोरड्या मातीची दोन पोती भरून ठेवा. लोळायचं खोकं पडवीत किंवा गोठ्याच्या वळचणीला, झड लागणार नाही असं.

खुडूक बसलेल्या कोंबडीला हात लावावा का?

तिलाच तर सगळ्यात आधी. अंड्यांवर ती २१ दिवस बसते, दिवसातून एकदा जेमतेम उठते, लोळत नाही. माइटसाठी तिच्यासारखी जागा नाही. घरट्यातच अंगावर इतके माइट चढतात की रक्त कमी होऊन कोंबडी बसल्या जागी मरते, किंवा अंडी सोडून उठते.

बसवण्याआधी पाटी उन्हात तापवून घ्या, गवत नवं घाला आणि तिला शेपटीखाली नीट तपासा. मध्ये ती खायला उठेल तेव्हा हात घालून गवत बघा. तुमच्या मनगटावर काही चढताना जाणवलं तर अंडी अलगद दुसऱ्या पाटीत नव्या गवतावर हलवा. पिल्लं बाहेर आल्यावर जुनं गवत त्याच दिवशी जाळा.

पायांवरचे खवले उभे राहिलेत, पाय जाडे दिसतात. म्हातारपणामुळे?

नाही. खवल्यांच्या खाली शिरणाऱ्या एका वेगळ्या माइटमुळे. कोमट साबणाच्या पाण्यात पाय पाच-दहा मिनिटं बुडवा, जुन्या दातांच्या ब्रशने हलके घासा, पुसून खोबरेल किंवा व्हॅसलीन भरपूर लावा. दोन-तीन दिवसांआड असं तीन-चार आठवडे करावं लागतं. खवले उपटू नका, रक्त येतं. जुने खवले गळून नवे यायला काही महिने लागतात, तोवर पाय वाईटच दिसतील. रॉकेल चोळायचं अजून कुणीतरी सांगतंच. त्याने माइटबरोबर कातडीही जळते.

गुरांच्या गोचिडांचं औषध पाण्यात घालून कोंबडीला बुडवली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण गोठा शेजारीच असतो आणि बाटली हाताशी. पशुवैद्याने मात्रा सांगितल्याशिवाय करू नका. त्या औषधावरचं प्रमाण गाईसाठी असतं. सव्वा किलोच्या पक्ष्याचा हिशेब वेगळा आणि अंड्यात काय उतरतं तोही वेगळा. डेल्टामेथ्रिनसारखी औषधं माशांना अत्यंत विषारी आहेत, म्हणून बादली व्हाळात (ओढ्यात) किंवा विहिरीजवळ ओतू नका. यांपैकी काही औषधं मांजरांनाही सोसत नाहीत.

कुत्र्याच्या पिसवांसाठी मिळणारं फिप्रोनिल तर अजिबात नको. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये तांबड्या माइटसाठी खुराड्यांत ते बेकायदा वापरलं गेलं, अंड्यांत उतरलं, आणि लक्षावधी अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. तंबाखूचं पाणीही टाळा. निकोटीन कोंबडीलाही विषच. कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात फेटून दांड्यांवर मारायला हरकत नाही, मात्र त्याच्या भरवशावर घासणं सोडू नका.

औषध दिल्यावर अंडी, मांस खायचं का?

औषध लिहून देणाऱ्यालाच विचारा, किती दिवस थांबायचं ते. आणि तेवढे दिवस अंडी शेजारीही देऊ नका. राखणीसाठी, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, सोडलेला कोंबडाही शेवटी पानावरच येतो. त्यालाही हेच लागू.

खुराड्याचं काम केलं आणि आमच्याच अंगाला खाज सुटली.

कोंबडीचे माइट माणसाला चावतात, पण माणसाच्या अंगावर वस्ती करत नाहीत. कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने अंघोळ करा. खाज घरात झोपतानाच येत असेल तर खिडकीच्या वर, वाशात किंवा एसीच्या मागे पारव्याचं जुनं घरटं आहे का बघा. पिल्लं उडून गेली की भुकेले माइट घरात उतरतात. कोंबडी हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, हे मुलांना विशेष सांगा. धडधाकट कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

बाजारातून आणलेली कोंबडी त्याच दिवशी आत सोडली तर चालेल?

नाही. तीन आठवडे वेगळी, निदान परसाच्या दुसऱ्या टोकाला. आणल्या रात्रीच तपासा, दहा दिवसांनी परत, कारण पहिल्या वेळी फक्त थोड्या लिखा असतील तर त्या नजरेतून सुटू शकतात. तिला दाणापाणी शेवटी घाला, आधी आपल्या कोंबड्यांना.

पशुवैद्याला कधी बोलवायचं?

मान वाकडी, पंख लुळे, हिरवी शीट, घरघर, डोकं किंवा तुरा सुजलेला, किंवा दोन-तीन दिवसांत एकाहून जास्त मेल्या, तर लगेच. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पशुसंवर्धन आणि पशुवैद्यकीय सेवा खात्याचे दवाखाने त्यासाठीच आहेत. मानमोडीची, म्हणजे रानीखेतची लस कोणत्या वयात द्यायची तेही तिथेच विचारून घ्या, मर लागल्यावर लस देऊन उपयोग होत नाही. पाळण्याच्या पद्धतींबद्दल विचारायचं असेल तर जुन्या गोव्यात एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे.

अशा वेळी कोंबड्या तपासायला धरू नका. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून अचानक होणारी मर ही घरातल्या घरात निस्तरायची गोष्ट राहिलेली नाही. बर्ड फ्लू आणि रानीखेत दोन्ही सरकारला कळवायचे रोग आहेत.

मेलेल्या कोंबडीचं काय करायचं?

उघड्या हाताने उचलू नका, हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि नाक-तोंड झाका. संशय असेल तर पशुवैद्य येईपर्यंत दोन पिशव्यांत बांधून सावलीत ठेवा. तपासणी नको म्हणाले तर विहिरीपासून आणि व्हाळापासून लांब, कंबरभर खोल खड्डा काढून खाली-वर चुना घालून पुरा. वर दोन मोठे चिरे ठेवा, नाहीतर वाड्यावरचे कुत्रे त्याच रात्री उकरून काढतात.